नास्तिकांचा धर्मग्रंथ : देव वगळला, तनाख ठेवला

तळ्यात_मळ्यात :

गेले काही आठवडे इस्रायलच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वाचतोय. त्यातली एक गोष्ट काही केल्या पचनी पडत नाही, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी हा देश उभा केला त्यातली बरीच मंडळी धर्मकर्म न पाळणारी होती. समाजवादी, कामगार संघटनावाले, किबुत्झवर सामुदायिक शेती करणारे. शब्बाथ (शनिवारचा धार्मिक विश्रांतीचा दिवस) वगैरे त्यांच्या गावीही नसे. पहिले पंतप्रधान बेन-गुरियन सिनेगॉगकडे क्वचितच फिरकायचे. पण ब्रिटिशांच्या पील चौकशी कमिशनपुढे हेच गृहस्थ ठणकावून सांगून आले की मँडेट (पॅलेस्टाइनवरचा ब्रिटिशांचा कारभाराचा अधिकार) हे आमचं बायबल नाही, बायबल हेच आमचं मँडेट आहे. पुढे पंतप्रधान असताना त्यांनी घरी विद्वानांना बोलावून तनाखचा अभ्यासवर्ग चालवला. (तनाख म्हणजे ज्यूंचं बायबल. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात तेच, ढोबळमानानं.) निधर्मी सरकारी शाळांतही तनाख सक्तीचा विषय आहे. सैन्यातल्या शपथविधीत बंदुकीबरोबर तनाखही हातात देतात.

बरं, सगळा वारसा घेतला असंही नाही. तालमूद, त्यावरची भाष्यं, भाष्यांवरची भाष्यं, म्हणजे रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) शतकानुशतकं रचलेलं सगळं यांनी बाजूला सारलं. ते म्हणे परागंदा काळातलं, दुबळेपणाचं. 'तनाख ते पालमाख' असा वाक्प्रचारच आहे तिकडे. पालमाख म्हणजे स्वातंत्र्याआधीचं त्यांचं लढाऊ दल. दावीद राजापासून उडी मारली ती थेट १९४८ मध्ये!

माझं म्हणणं असं की धर्मग्रंथातून देव काढला की आज्ञा आपोआप गळतात. शब्बाथ पाळा, अमुक खाऊ नका, परक्याला छळू नका, सातव्या वर्षी कर्ज सोडून द्या, हे सगळं ऐच्छिक होतं. उरतो तो फक्त सातबारा. अमक्या पूर्वजाला अमकी जमीन मिळाली, चतुःसीमा येणेप्रमाणे. श्रद्धाळू माणसाला निदान वर कुणीतरी बघतंय ही धास्ती असते. मग नास्तिकाचं हे ग्रंथप्रेम खरं म्हणायचं की सोयीचं?

सध्याच्या युद्धावर इथे नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि त्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय.

आगाऊ_कार्टं :

रुमाल टाकून ठेवतो. विषय भारी आहे.

खडूस_म्हातारा :

यावर इस्रायलमध्येच एक टोमणा प्रसिद्ध आहे : देव नाही, पण ही जमीन आम्हाला त्यानंच दिली.

चालू द्या.

हिशेबनीस :

टोमणा छान आहे, पण धागालेखकाचा 'सोयीचं' हा शब्द मला मान्य नाही. सोयच बघायची असती तर विषय १९०३ मध्येच मिटला असता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये किशिनेव्हला ज्यूंची कत्तल झाली. ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचा नेता हर्झल, त्याला ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत जमीन देऊ केली. जागा आजच्या केनियात, पण नाव पडलं युगांडा योजना. ऑगस्टमध्ये बाझलला सहावी झायोनिस्ट काँग्रेस भरली. निदान पाहणी पथक तरी पाठवू, एवढाच ठराव. २९५ विरुद्ध १७८ मतांनी तो मंजूर झाला आणि विरोध करणारे सभागृहाबाहेर पडले. बरेच जण सुतक असल्यासारखे जमिनीवर बसून रडत होते. हे कोण? मुख्यतः रशियातून आलेले प्रतिनिधी, म्हणजे ज्यांची माणसं खरोखर मरत होती तेच! आणि त्यांच्यात धर्म न मानणारे भरपूर.

आता दुसरी बाजू बघा. रब्बी रेनेस यांच्या मिझराही गटाच्या, म्हणजे धार्मिक झायोनिस्टांच्या, बहुतेक प्रतिनिधींनी हर्झलला साथ दिली. त्यांचा विचार सरळ होता. सियोन (म्हणजे जेरुसलेमची पवित्र भूमी) देव देईल तेव्हा देईल, आज जीव वाचवा. १९०५ च्या काँग्रेसमध्ये योजना गुंडाळली गेली.

म्हणजे देव मानणारा तडजोडीला तयार आणि न मानणारा हटून बसलेला. याला सोय कसं म्हणणार? ज्याचा परलोकावर विश्वास नाही त्याला हा एवढाच लोक असतो, म्हणून तो जास्त घट्ट धरतो. धोकादायक म्हणा हवं तर. खोटं म्हणू नका.

तळ्यात_मळ्यात :

@हिशेबनीस, मिझराहीचा मुद्दा जोरदार आहे. पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतंय असं नाही वाटत? तडजोडीची मुभा श्रद्धेत होती, निधर्मी प्रेमात नव्हती.

हिशेबनीस :

तुम्ही 'सोयीचं' म्हणाला होतात. आता 'हट्टी' म्हणताय. आधी एक काय ते ठरवा :)

नेवाशाची_मीरा :

थोडं घरचं सांगते. माझे वडील कट्टर नास्तिक. सत्यनारायणाच्या प्रसादालाही हात लावायचे नाहीत. पण उशाशी ज्ञानेश्वरी. अठराव्या अध्यायातल्या ओव्या म्हणताना आवाज कापायचा त्यांचा. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचे, अरे ही आपली भाषा आहे, देवाचं काय घेऊन बसलात.

पण आमच्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या प्रेमात एक फरक दिसतो. पसायदानात जमिनीचा तुकडा कुणाच्याच नावावर नाही. तळ्यात_मळ्यात यांचा सातबारा तिथे लागूच होत नाही.

बोरूबहाद्दर :

मीराताई, +१. भर घालतो : तुकारामांच्या गाथेची शंकर पांडुरंग पंडितांची प्रत १८६९ मध्ये छापायला घेतली ती मुंबई सरकारच्या पैशानं, म्हणजे इंग्रजांच्या! स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पुन्हा सरकारनंच गाथा काढली. देहूकरांना नसेल तेवढी काळजी सरकारला. राज्याला एखादा ग्रंथ 'आपला' वाटायला राज्य धार्मिक असावं लागत नाही.

भीमाकाठ :

सगळं गोड चाललंय म्हणून जरा कडू.

'आपला ग्रंथ' म्हणताना त्यातला 'आपण' कोण हे आधी ठरलेलं असतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. तेव्हाही 'अहो, जुना ग्रंथ आहे, आता कोण पाळतंय, ऐतिहासिक ठेवा म्हणून तरी असू द्या' असं सांगणारे सुशिक्षित, सुधारक म्हणवणारे लोक होतेच. पाळत नाही पण अभिमान आहे, ही जागा फक्त त्यालाच परवडते ज्याला त्या ग्रंथानं कधी वेशीबाहेर ठेवलेलं नाही.

इस्रायलमध्ये १९४९ मध्ये बेन-गुरियन यांनी नेगेव्हच्या नकाशासाठी नावांची समिती नेमली. डोंगर, ओढे, विहिरी, सगळ्यांची अरबी नावं जाऊन हिब्रू आली, जमेल तिथे तनाखमधली. समितीतले लोक विद्वान होते, धर्मवेडे नव्हते. पण त्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या उंटांना पाणी पाजणाऱ्या बदाऊनीला एक दिवस कळतं की विहिरीचं नाव त्याला माहीत असलेलं नाहीच. त्याच्यासाठी समितीवाले आस्तिक होते की नास्तिक यानं काय फरक पडतो?

कोकणातला_कावळा :

मनुस्मृती आणि ज्ञानेश्वरी एका तागडीत?

भीमाकाठ :

तागडीत कुणी घातली? परत वाचा.

कोकणातला_कावळा :

वाचलं. सावरकर पण नास्तिकच होते म्हणे, तरी पुण्यभू. त्यांच्यावर पण काढा की मग धागा

संपादक :

कोकणातला_कावळा, भीमाकाठ : सावरकर, मनुस्मृती, आरक्षण यांवर आधीच पुरेसे शतकी धागे आहेत. धाग्याचा काश्मीर करू नये. यापुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

शनिवार_तेली :

आयडीवरून ओळखलंच असेल. आम्ही बेने इस्रायल, मूळ अलिबागकडचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावानं दिलेलं नाव ते. इस्रायल आळीतलं घर आता बंद असतं.

इथे सगळे जण ग्रंथ हातात असलेल्या लोकांबद्दल बोलतायत. आमची गोष्ट उलटी आहे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या, असं घरोघरी सांगतात. त्यातलं खरं किती ते इतिहासकार बघोत. पण शेकडो वर्षं कोकणात आमच्याकडे ग्रंथ नव्हता ही गोष्ट खरी. शब्बाथ होता, सुंता होती, खाण्याचे नियम होते आणि 'शमा'चं एक वचन होतं, 'ऐक, हे इस्राएला' एवढंच. लग्न, बारसं, मयत, सगळीकडे तेच म्हणायचे. तालमूद तर नावानंही माहीत नव्हता.

तनाख आमच्या हातात आला तो बराचसा मिशनऱ्यांकडून, आणि तोही मराठीत! जॉन विल्सननं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांना आम्हाला ख्रिस्ती करायचं होतं. आमच्या लोकांनी पुस्तकं घेतली, शाळेत गेले, हिब्रू शिकले आणि ज्यूच राहिले. नफा आमचा.

मग कीर्तनं सुरू झाली. अगदी आपली कीर्तनं, झांजा, पूर्वरंग-उत्तररंग, आणि आख्यान कुणाचं तर योसेफाचं किंवा मोशेचं. माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती, पण योसेफाला भावांनी कसं विकलं ते ती साकी-दिंडीत म्हणून दाखवायची. वल्हांडणाला (मिसर म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाला) वाचतात त्या हगादाची मराठी प्रत मुंबईत १८४६ मध्ये निघाली, पुण्यात १८७४ मध्ये. पुण्याच्या प्रतीत चित्रं आहेत. त्यात बिनखमिराची भाकरी भाजणाऱ्या बायका लुगडी नेसून बसल्यात. गोष्ट मिसरातल्या गुलामांची, स्वयंपाकघर आमचं.

म्हणून मला 'ग्रंथातून ओळख येते' हे पटकन पटत नाही. आमच्यात ओळख आधी आली, ग्रंथ नंतर.

नेवाशाची_मीरा :

किती सुंदर लिहिलंत! कीर्तनांबद्दल वेगळा लेख लिहाच. आणि मलिद्याबद्दलही, मी फक्त ऐकलंय.

शनिवार_तेली :

@मीरा, मलिदा म्हणजे पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वर फळांचे तुकडे. ताट मध्ये ठेवून एलियाहू हनाबीचं (तनाखमधल्या संदेष्ट्याचं) गाणं म्हणायचं. नवस फेडायला, लग्नाआधी, नवं घर घेतलं की. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबीचा टापा आहे. तिथे खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात. आमचा खरा देवमाणूस तोच, मोशे-बिशे नंतर.

खोदकाम_चालू_आहे :

शनिवार_तेली यांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतोय, पण या विषयात पुरातत्त्व आलंच पाहिजे. निधर्मी माणसाला ग्रंथ खरा ठरवायला देव चालत नाही, मग फावडं लागतं.

२९ नोव्हेंबर १९४७. संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीवर मतदान. त्याच दिवशी हिब्रू विद्यापीठाचे प्रा. सुकेनिक जीव मुठीत धरून बेथलेहेमला गेले आणि मृत समुद्राकाठच्या गुहेत बदाऊनींना सापडलेल्या गुंडाळ्या घेऊन आले. दोन हजार वर्षं जुनी हिब्रू अक्षरं, आणि त्याच रात्री राष्ट्र होण्याचा ठराव. एवढा योगायोग कादंबरीत घातला असता तर संपादकानं कापला असता. उरलेल्या चार गुंडाळ्या अमेरिकेत पोचल्या होत्या. १९५४ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये त्यांची जाहिरात आली, किरकोळ विक्रीच्या रकान्यात! सुकेनिक यांचा मुलगा यिगाएल यादीन, माजी लष्करप्रमुख आणि पुरातत्त्वज्ञ, त्यानं मध्यस्थामार्फत अडीच लाख डॉलरला त्या घेतल्या. त्यांच्यासाठी जेरुसलेमला वेगळी इमारत बांधली, १९६५ मध्ये ती उघडली. पांढरा घुमट, आत अंधार, मधोमध यशयाच्या गुंडाळीची मांडणी. गाभाराच म्हणा. फक्त तिकीट काढून जायचं.

याच यादीननं हाझोरला सहा दालनांची वेस खणून काढली आणि ती शलमोनाची ठरवली, कारण तनाखच्या 'राजे' या पुस्तकात हाझोर, मगिद्दो, गेझेर ही नावं ओळीनं येतात. पुढे पुरातत्त्वज्ञ फिंकेलस्टाइन यांनी तारखा शंभरेक वर्षं अलीकडे ओढल्या आणि शलमोनाचं श्रेय नंतरच्या ओमरी राजाच्या घराण्याकडे गेलं. वाद अजून चालू आहे. १९९९ मध्ये तेल अवीव विद्यापीठाचे हर्झोग यांनी 'हारेत्झ' या दैनिकात लिहिलं की मिसरातून सुटका, वाळवंटातली भटकंती, यहोशवाची कनानवरची झंझावाती स्वारी, यांना जमिनीत पुरावा सापडत नाही. लेखावर आरडाओरडा झाला. आणि चिडणाऱ्यांत निधर्मी लोक कमी नव्हते. धार्मिकाला काय, त्याचा पुरावा मातीत नव्हताच कधी.

पाटीपेन्सिल :

मसादाचा किल्ला विसरलात! सैनिकांच्या शपथा तिथेच व्हायच्या ना? तनाखमधलं एवढं मोठं ठिकाण.

खोदकाम_चालू_आहे :

मसादा तनाखमध्ये नाही. रोमनांविरुद्धच्या बंडातली गोष्ट आहे, इसवी सनानंतरची, आणि ती कळते त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस याच्यामुळे. रब्बींनी तर तिच्याकडे साफ काणाडोळा केला होता. रणगाडा दलाच्या शपथा तिथे होत हे बरोबर. पण तुमचा गोंधळ बोलका आहे. राष्ट्रीय ग्रंथ म्हटला की त्याच्या पानांची संख्या हळूहळू वाढत जाते.

खडूस_म्हातारा :

बेन-गुरियनचा एक किस्सा राहिला. १९६० मध्ये त्यांनी पत्रकारांसमोर जाहीर केलं की मिसरातून सहा लाख पुरुष वगैरे काही निघाले नव्हते, फार तर सहाशे माणसं असतील. बाकीचे इस्राएली आधीपासून कनानातच होते. धार्मिक पक्ष खवळले. प्रकरण नेसेटमध्ये (तिथल्या संसदेत) अविश्वास ठरावापर्यंत गेलं.

चलन, बेकारी, सरहद्द, सगळं राहिलं बाजूला आणि सरकार पाडायचं कशावरून, तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवरून. एवढा रस आमच्या विधानसभेनं परवाच्या जनगणनेत घेतला तरी पुरे.

हिशेबनीस :

हा किस्सा माझ्या बाजूचा आहे हं. सोयीसाठी ग्रंथ वापरणारा पंतप्रधान स्वतःचं सरकार धोक्यात घालून त्यातल्या आकड्यांवर वाद घालत नाही. या माणसाला खरंच झोप येत नव्हती त्यावर.

अश्दोदकर :

ठाण्याची आहे, लग्नानंतर इथे इस्रायलला आले, त्यालाही आता बराच काळ लोटला. मराठी टायपिंगची सवय गेलीय, सांभाळून घ्या.

वर जे चाललंय ते पुस्तकी वाटलं म्हणून लिहिते. इथे तनाख कसा असतो? मुलाचं नाव ठेवताना असतो. परागंदा काळातले ज्यू जी नावं कधी ठेवत नसत, ओमरी, निम्रोद, तनाखमधल्या दुष्ट किंवा बंडखोर माणसांची, ती माझ्या मुलाच्या वर्गात होती, सगळी निधर्मी घरांतली. स्वातंत्र्यदिनाला टीव्हीवर तनाखची प्रश्नमंजूषा असते. १९५८ मध्ये पहिली झाली ती आमोस हाखाम यांनी जिंकली. अंधांच्या संस्थेत साधा कारकून, बोलायला अडखळणारा माणूस. रातोरात देशाचा हिरो झाला. माझ्या सासूबाईंना तो रेडिओ अजून आठवतो. आता त्या स्पर्धेत बहुतेक धार्मिक शाळांतलीच मुलं दिसतात. माझा मुलगा चॅनेल बदलतो.

आणि बारावीच्या बग्रुतला (शालान्त परीक्षेला) तनाखचा पेपर असतो. मुलं कंटाळतात, रट्टा मारतात, सगळ्या जगात असतं तसंच. पण एक तास त्याच्या लक्षात राहिला. त्यांच्या बाई, पक्क्या निधर्मी, शनिवारी समुद्रावर जाणाऱ्या. त्यांनी नाबोथच्या द्राक्षमळ्याचा धडा घेतला. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा मळा हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. मग राणी खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथला दगडांनी मारतात आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. तिथे वाटेत संदेष्टा उभा असतो. 'खून केलास आणि वर वारसही झालास?' हे वाक्य इथे रोजच्या हिब्रूत वापरतात. नेसेटमध्ये डावे उजव्यांना आणि उजवे डाव्यांना ऐकवतात.

बाईंनी एवढंच विचारलं, आजचा अहाब कोण? वर्गात जो दंगा झाला! कुणी वसाहतवाले (जिंकलेल्या मुलखात वस्त्या करणारे) म्हणालं, कुणी बिल्डर, एकानं नगरपालिकाच म्हटलं. दोन मुलं एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हती.

म्हणून तळ्यात_मळ्यात, तुमचा सातबारा बरोबर आहे, पण त्याच पुस्तकात जमीन हडपणाऱ्याची वाट अडवणाराही आहे. त्या बाईंनी तोच धडा काढला आणि त्यांना देवाची गरज पडली नाही.

शनिवार_तेली :

@अश्दोदकर, तो संदेष्टा म्हणजे आमचा एलियाहू हनाबीच की! आमच्याकडे तो नवसाला पावणारा, प्रवासात सांभाळणारा. मळ्याची गोष्ट मलिद्याच्या ताटाभोवती कधी कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

तळ्यात_मळ्यात :

अश्दोदकर, मनापासून आभार. असे प्रतिसाद मिळतात म्हणून तर धागे काढायचे.

पण माझा किंतू थोडा सरकला तरी संपला नाही. त्या बाईंनी नाबोथ निवडला. दुसऱ्या वर्गातल्या दुसऱ्या बाई यहोशवाचं पुस्तक निवडतील, शहरामागून शहर जिंकणारं. धार्मिक परंपरेत निवडीला निदान बंधन असतं. भाष्यकार असतात, 'हे तसं वाचायचं नाही' सांगणारे. बेन-गुरियन मंडळींनी ते भाष्यकारच बाद केले. येशायाहू लाइबोविट्झ हा स्वतः कर्मठ ज्यू, वैज्ञानिक, तो हेच ओरडून सांगत होता : राष्ट्राला पवित्र मानणं ही मूर्तिपूजा. १९६७ च्या विजयानंतर सगळा देश पश्चिम भिंतीशी रडत होता, तेव्हा त्यानं तिला 'डिस्कोटेल' (हिब्रूत भिंतीला कोटेल म्हणतात, त्यात डिस्को) म्हणून हिणवलं.

आणि १९६७ नंतर काय झालं बघा. तनाखमधली गावं मुख्यतः डोंगरात आहेत, हेब्रोन, शिलो, शखेम. तेल अवीवच्या किनाऱ्यावर नाहीत. जिंकलेला मुलूख परत देऊ नका म्हणणाऱ्या पहिल्या जाहीरनाम्यावर सह्या कुणाच्या? कवी नातान आल्तरमान, कादंबरीकार मोशे शामीर. कामगार चळवळीतले, निधर्मी. पुढे सात वर्षांत त्या मुलखात वसाहती करणारी गुश एमुनिम ही चळवळ उभी राहिली, टोप्या घातलेली श्रद्धाळू तरुण मुलं, आणि त्यांनी म्हटलं, तुम्ही जे पुस्तक दाखवत होतात ते आम्ही खरोखर मानतो. मग निधर्मी लोकांना बोलायला तोंड उरलं नाही. कागद त्यांनीच बाहेर काढला होता.

हिशेबनीस :

आणि न काढता तर? आज तेल अवीवमधल्या पुष्कळ घरांत तसंच झालंय. तनाख म्हणजे वसाहतवाल्यांचं पुस्तक, आम्हाला नको. म्हणजे नाबोथही त्यांना आणि यहोशवाही त्यांनाच. 'परक्याला छळू नका, तुम्हीही मिसरात परके होता' हे ज्याच्या पाठ आहे तो निदान त्यांच्याशी त्यांच्या मैदानात भांडू शकतो. पुस्तक टाकून दिलेल्यानं काय दाखवायचं, जिनिव्हा करार? दाखवावा जरूर, पण समोरचा हसतो.

१९४८ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाच बघा. धार्मिकांना शेवटी देवाचं नाव हवं होतं, झिस्लिंगसारख्या डाव्यांना अजिबात नको होतं. मग 'इस्राएलचा खडक' असा शब्द घातला. रब्बी मायमोन यांनी देव वाचला, झिस्लिंगनी लोकांची ताकद वाचली, दोघांनी सही केली. त्याच कागदात संदेष्ट्यांच्या स्वप्नातल्या स्वातंत्र्य, न्याय, शांततेवर देश उभा राहील, धर्म-वंश-लिंग न बघता समान हक्क मिळतील असं लिहिलंय. ते संदेष्टे तनाखमधलेच. पाळलं नाही म्हणून भांडा. पण भांडायला तो कागद लागतो.

भीमाकाठ :

@हिशेबनीस, मैदानात भांडायचं हे ठीक. पण मैदानाचं प्रवेशपत्र कुणाकडे? नाबोथ कोण यावर वर्गात दंगा झाला, चांगलंच झालं. त्या वर्गात नाबोथ स्वतः बसला होता का?

अश्दोदकर :

नव्हता. अरब मुलांच्या शाळा वेगळ्या असतात. तुमचा प्रश्न बाईंना कळवते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत अजून.

शनिवार_तेली :

प्रवेशपत्राचा विषय निघालाच आहे तर आमचं सांगते.

आमची माणसं तिकडे गेली, दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बीनेटनं (धर्मगुरूंच्या सरकारी संस्थेनं) काढलं की बेने इस्रायलांची लग्नं लावताना आईकडच्या पिढ्या मागे जमेल तेवढ्या तपासा. का? तर यांच्याकडे शतकानुशतकं तालमूद नव्हता, म्हणजे घटस्फोट आणि पुनर्विवाह नियमानं झाले असतील कशावरून? जे कोकणात घाणे चालवून शब्बाथ पाळत राहिले त्यांनी आता पणजीचे कागद आणायचे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ त्यात अडकले. लग्न ठरलं होतं, मुलगी इराकी ज्यू, आणि नोंदणी करणारा सही करेना. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. आजोबांचे ते भाऊही तिथे उन्हात बसले होते, सोबत डब्यात पोळ्या आणि लोणचं. ऑगस्टमध्ये नेसेटनं ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत, कुणाहून कमी नाहीत. मग रब्बीनेटनं आदेशातून आमचं नाव काढलं.

आमच्या बाजूनं ठराव करणारं ते सरकार निधर्मी लोकांचं होतं. तळ्यात_मळ्यात म्हणतात ते भाष्यकार आम्हाला दारात उभं करत होते, आणि ज्यांनी भाष्यं फेकून फक्त गोष्ट ठेवली होती त्यांना आम्ही त्या गोष्टीतले वाटलो. त्यात त्यांचं राजकारण नव्हतं असं नाही, नव्या गावांना माणसं हवी होती.

आजोबांच्या भावाचं लग्न त्या हिवाळ्यात झालं. आदल्या दिवशी मलिदा केला. इराकी व्याह्यांना तो काय प्रकार आहे ते कळेना, पण ताट रिकामं झालं. @मीरा, कीर्तनावरचा लेख लिहायला घेते, घरातली जुनी वही अलिबागला आहे, ती आणवायला लागेल.